बाईच्या पायातले बूट



शहरात राहणाऱ्या बाईने जीन्स घालावी, बूट घालावेत, आणि गावाकडे येतानाही ते बदलू नयेत, या विषयावर बोलायचं मी कळवलं तेव्हा या व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एक-दोघांना जरा शंका वाटली. महाडच्या व्यासपीठावर आजवर किती गंभीर विषय झाले. तिथे कपड्यालत्त्याची गोष्ट कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं उत्तर असं, की बाईच्या कपड्यांबद्दल मला माहीत असलेलं सगळ्यात गंभीर भाषण याच गावात झालेलं आहे. म्हणून हा विषय मांडायला महाडइतकी योग्य जागा दुसरी नाही.

१९२७ साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि तळ्याचं पाणी प्याले. नंतर गावात मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली. तिला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. हे सगळं शाळेतल्या पुस्तकांतही आहे. पण त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले, हा भाग फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. आणि बोलले ते लुगड्याबद्दल बोलले.

त्यांचं सांगणं थोडक्यात असं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून नेसण्याची तुमची पद्धत ही तुमची ओळख करून ठेवलेली आहे. ती सोडा, स्पृश्य बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा. गळाभर सऱ्या, हातभर कथलाच्या आणि चांदीच्या गोठपाटल्या, हीसुद्धा ओळखीचीच खूण आहे, ती उतरवा. फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शाळेत घाला. घरी जाऊन विचार करतो, असं त्या बायका म्हणाल्या नाहीत. तिथल्या तिथे त्यांनी लुगडी खाली घेतली. बाबासाहेबांचे सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या बायका पुढे झाल्या आणि कसं नेसायचं ते त्यांनी दाखवलं. परिषदेला येताना ज्या वेशात आल्या होत्या, त्या वेशात त्या परत गेल्या नाहीत.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. वर खोचलेलं लुगडं कामाला सोयीचं असतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उतरायचं, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालायचं, तर लुगडं वरच हवं. म्हणजे बाबासाहेबांनी या बायकांना सोय सोडायला सांगितलं, आणि बायकांनी ती आनंदाने सोडली. का सोडली? कारण त्या सोयीची किंमत त्या रोज मोजत होत्या. लांबून, शंभर पावलांवरून, बाई दिसली की तिची जात कळत होती. चेहरा दिसायच्या आधी, तोंडातून शब्द निघायच्या आधी, रस्त्यावरचा माणूस ठरवून मोकळा होत होता, की हिला कसं वागवायचं. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये लिहून ठेवलंय, की महार बाईने लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवून नेसायचा, तो दिसता कामा नये. विचार करा, काठ कुठे असावा यालासुद्धा नियम! कापड अंगावर बाईच्या, पण त्यावर लिहिलेला मजकूर दुसऱ्याचा.

आजचे काही अभ्यासक म्हणतात, की हे वरच्या जातींचं अनुकरण झालं. मला ते पटत नाही. अनुकरणात माणसाला दुसऱ्यासारखं व्हायचं असतं. महाडच्या त्या बायकांना कुणासारखंही व्हायचं नव्हतं, त्यांना रस्त्यावरून जाताना ओळखू यायचं नव्हतं. या दोन इच्छांमध्ये फार अंतर आहे. आणि मी मुंबईत जीन्स घालते, पायात बूट चढवते, तेव्हा माझ्याही मनात विलायतेतल्या बाईसारखं दिसणं नसतं. सकाळी आठच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात शंभर जणी उभ्या असतात. त्यांतल्या अर्ध्यांच्या अंगात जीन्स-कुर्ता, पायात कॅनव्हासचे किंवा रबरी तळाचे बूट. कोण पोलादपूरची, कोण आझमगडची, कोण कुठल्या जातीची, कुणाचा नवरा आहे, कुणाचा वारला, कुणी सोडून दिलंय, काहीही कपड्यांवरून कळत नाही. साडीवरून कळतं. कुठल्या भागातली, कितीची, कशी नेसली, जोडवी आहेत का, मंगळसूत्र कुठल्या घाटाचं, सगळं कळतं. जीन्स आणि बूट काही सांगत नाहीत. हे न सांगणं मला शहराने दिलेल्या देणग्यांमध्ये सगळ्यात मोठं वाटतं. १९२७ साली या गावात लुगडं खाली आलं आणि आज घोटा उघडा पडतो, दिशा उलट्या दिसतात. पण चालली आहे तीच वाट.

आता बुटांकडे येते, कारण माझ्या मते कपड्यांपेक्षा ते महत्त्वाचे आहेत.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगतात, ओटीवर मोठी माणसं बसलेली असली की सुनेने वहाणा हातात घ्यायच्या, वाकून पुढून जायचं, आणि वळणापलीकडे गेल्यावर पायात घालायच्या. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्या तर पुरुषांनाही वरच्या आळीतून वहाणा घालून जायची मुभा नव्हती. म्हणजे आपल्याकडे पायताण ही पायाची वस्तू कधी नव्हतीच, ती मानाची वस्तू होती; आणि ज्याला मान नाही त्याच्या पायाचं काय होतं, हे कुणी बघत नव्हतं. काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. टाचांना भेगा, त्यांत कडत कोकमाचं तेल. पावसाळाभर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. कुरूप झालं की ते कापायला न्हाव्याकडे. बाभळीचा काटा आत मोडला की आठ दिवस लंगडत कामं. हे बाईचं नेहमीचं, म्हणून ते दुखणं म्हणून मोजलंच जात नव्हतं.

आणि विंचू. आपल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने या भागातली माणसं, त्यांतही मुलं, हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावत होती. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यांनी वापरून पाहिलं, रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या, आणि महाडमधल्या त्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचल्या. पूर्वी दंश झालेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास जात, ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला. मी तो अभिमान बाळगते आणि शेजारी एक साधी गोष्टही मांडते: विंचू काय, फुरसं काय, ती दगडाखाली, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात असतात. पेंढा काढायला, लाकडं आणायला आपल्याकडे कोण जातं? बाई जाते. आणि तिच्या पायात बहुतेक वेळा काही नसतं, किंवा झिजलेली स्लिपर असते.

ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली तुमच्यापैकी कितीतरी जण शिकले. पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळांवर त्या चालत जायच्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. त्यावरून त्यांना बोलणारे होते, हे त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिकांनी मला सांगितलं. त्यांनी बूट सोडले नाहीत आणि शाळाही सोडली नाही. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बुटांवर बोलणं मला म्हणूनच अस्थानी वाटत नाही.

बाईच्या पायातल्या बुटांना इतका विरोध का, हे समजून घ्यायचं असेल तर आनंदीबाई जोशी यांच्याकडे जावं लागतं. त्यांचा आपल्या जिल्ह्याशीही संबंध आहे; त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांची एक बदली अलिबागला झाली होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं: मी अमेरिकेला का जाते. वय पुरतं अठराही नव्हतं. त्या भाषणात त्यांनी मुंबईतली हकिगत सांगितली. पुस्तकं घेऊन शाळेला जाताना लोक भोवती जमत, खिडक्यांतून डोकावत, टोमणे मारत, खडे फेकत, दुकानदार त्यांना पाहून थुंकत. यात एक गोष्ट नीट पाहावी. तेव्हा त्यांच्या अंगावर नऊवारी होती. विलायती झगा नव्हता, टोपी नव्हती. आणि अमेरिकेत आपण आपल्याच वेशात राहू, असं त्या तिथे ठामपणे म्हणाल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी घेतली, तेवढाच बदल. त्या साडीतच त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. मग मुंबईत खडे कशाला मारले होते? कपडे परके होते म्हणून नाही. बाई रस्त्याने चालली होती म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की आजच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. गाऊनचं घ्या. महाडच्या कुठल्याही आळीत, पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत सकाळी जा. निम्म्या बायका गाऊनवर दिसतील, खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकलेली. नळावर, दारात, किराणा दुकानापर्यंत गाऊन चालतो. गाऊन हा शंभर टक्के पाश्चात्त्य कपडा आहे. आपल्या कुठल्याही परंपरेत तो नव्हता, नऊवारी-पाचवारीशी त्याचं काही नातं नाही. तरी तो कोकणातल्या घराघरांत शिरला, पासष्ट वर्षांच्या सासवांनीसुद्धा तो घातला, आणि संस्कृती बुडाली असं कुणी म्हणालं नाही. कारण गाऊन घराच्या आसपास राहतो. जीन्स दिवसभर बाहेर राहते, एसटीत बसते, नोकरीवर जाते, रात्री उशिरा परत येते. विरोध विलायतीपणाला कधीच नव्हता, रस्त्याला होता.

कबड्डीच्या मैदानावर आपल्याच मुली अर्ध्या चड्डीत खेळतात. रायगडाला कबड्डीचं वेड आहे, आणि मुलींचे सामने बघायला गावंच्या गावं लोटतात. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुली मॅटवर बूट घालून खेळू लागल्या, त्याचंही कौतुक झालं. तिथे चकार शब्द निघत नाही, कारण मैदानाला हद्द असते आणि सामन्याला वेळ असते. तीच मुलगी गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत संध्याकाळी बाजारात गेली तर? उत्तर तुम्ही मला देऊ नका, स्वतःला द्या.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नये. नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला, की बाईला विजार घालायची असेल तर परवानगी घ्यावी लागेल. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सूट दिली. कुणाला? जिच्या हातात सायकलचं हँडल आहे किंवा घोड्याचा लगाम आहे तिला. म्हणजे वाहनावर असाल तोवर विजार, खाली उतरलात की घागरा! तो हुकूम रद्दबातल आहे हे फ्रेंच सरकारने २०१३ साली जाहीर केलं. ज्याला आपण पाश्चात्त्य म्हणून नावं ठेवतो, ते तिथल्या बायकांनाही सहज मिळालेलं नाही. त्यांनीही ते रस्त्यावरच मिळवलंय.

आपल्या तालुक्यांतल्या मुलींचं आजचं जिणं मी जवळून पाहते. मुंबई-ठाण्यात त्या नर्स आहेत, बँकेत आहेत, औषध कंपन्यांत, कॉल सेंटरमध्ये, मॉलमध्ये आहेत. दिवसातून दहा-बारा हजार पावलं चालतात. जिने, पूल, फलाट, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. साडीला खिसा नसतो, कंबरेला खोचलेली चंची गर्दीत कुणीही ओढावी. जीन्सच्या खिशात पास आणि मोबाईल राहतो, हात मोकळे राहतात. बायकांच्या जीन्सचे खिसे आखूड शिवतात, ही लबाडी आहे, पण तेवढाही खिसा आपल्या आज्यांना नव्हता. या मुली गणपतीला, शिमग्याला गावी येतात. मुंबई-गोवा रस्त्याने गाडी माणगावच्या पुढे आली की बॅगेतून ओढण्या निघतात. काही जणी बूट काढून पिशवीत टाकतात आणि चपला घालतात. मी त्यांना दोष देत नाही. घरी दोन दिवस शांततेत जावेत एवढंच त्यांना हवं असतं. पण ज्या गावात लुगडं नेसायची पद्धत बायकांनी एका दिवसात बदलली, त्या गावच्या वाटेवर मुलींनी बूट लपवावेत, याचं मला फार दुःख होतं. ते दुःख सांगायलाच मी आले आहे.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. ही फॅशन म्हणजे बाजाराची गुलामी नाही का? काही प्रमाणात आहे. बूट आपोआप कुणाला मोकळं करत नाही. २०१५ मध्ये लंडनच्या एका कार्यालयात स्वागतकक्षावर नेमलेल्या निकोला थॉर्प यांना उंच टाचांचे बूट नाहीत म्हणून बिनपगारी घरी पाठवलं होतं. त्यांच्या अर्जावर दीड लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि तो विषय ब्रिटिश संसदेत चर्चेला आला. आपल्याकडेही काही नोकऱ्यांत मुलींना दिवसभर टाचांवर उभं करतात. संध्याकाळी त्यांचे घोटे सुजलेले मी पाहिले आहेत. सुनेच्या हातात वहाणा देणारी रीत आणि नोकरीवरच्या मुलीला टाच चढवायला लावणारा नियम, दोन्हींत बाईच्या पायावर हुकूम दुसऱ्याचाच आहे. उंच टाच आवडते म्हणून घालणारीशी माझं भांडण नाही. सक्तीशी आहे.

बनवणाऱ्या हातांचंही बोललं पाहिजे. आपल्या अंगावरची जीन्स अमेरिकेतून येत नाही; उल्हासनगरच्या गल्ल्यांत शिवली जाते, आणि तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं निळं पाणी वर्षानुवर्षं वालधुनीत गेलं. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या आणि सावित्रीच्या पाण्याकडे काळजीने बघणाऱ्या महाडकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मुंबईच्या दुकानांत चमकणारे कितीतरी बूट चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत, छोट्या खोल्यांत, डिंकाच्या वासात बसलेले कारागीर जोडतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणं दाखवली, तेव्हा आपण सगळे संतापलो, आणि संताप योग्यच होता. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. पण ती कोल्हापुरी ज्यांच्या हातची, त्या चर्मकारांना आपण किती पिढ्या दारात उभं केलं नाही, हेही त्याच संतापात आठवायला हवं होतं. म्हणून मी बूट वर्षाला एकच जोड घेते, तो झिजला की शिवून घेते, आणि शिवणाऱ्याशी घासाघीस करत नाही.

गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे मला आज एक मागणी ठेवायची आहे. मुलींच्या जीन्सवर वाद घालायला पुढे वेळ आहे. दोन महिन्यांत मृग लागेल. लेप्टोचा ताप चिखलातून, पायाच्या जखमांतून शिरतो हे आरोग्य खातं दर पावसाळ्यात सांगतं, आणि शेतात गमबूट घाला असंही सांगतं. घरोघरी गमबूट आले आहेत, पण ते पुरुषांचे आहेत. लावणी मात्र बायकाच करतात. बायकांना गमबूट चिखलात रुततात, साडीत चालता येत नाही, असं म्हणतात. मग साडीऐवजी विजार घालून लावणी करावी, त्यात बिघडलं काय? गेल्या आठवड्यात मी इथल्या बाजारात बायकांच्या मापाचे गमबूट विचारत फिरले. सहा नंबरच्या खाली एकाही दुकानात नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या पायाला चार किंवा पाच नंबर लागतो. दुकानदार म्हणाले, कुणी मागत नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाने, बाजारातून घरी जाताना, एका दुकानात थांबून चार नंबरचा गमबूट मागावा.